अडगळीतल्या सायकलचे वय सांगणार कोण?

विशेष प्रतिनिधी
झरी जामणी (जि. यवतमाळ)

भंगारवाल्याचा काटा वर्ष विचारत नाही, वजन विचारतो. गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, टायर विरलेली आजोबांची सायकल त्याच्या लेखी वीस-बावीस किलो लोखंड असते. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यात काय किंवा पुण्या-नागपुरातील जुन्या वाड्यांत काय, सायकलचा शेवट बहुधा याच काट्यावर होतो. ‘ही लढाईच्या आधीची आहे’, ‘खास विलायतेहून आलेली आहे’ असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. परंतु ते खरे की केवळ कौतुकापोटी रचलेले, याची शहानिशा होण्याआधीच सायकल दारातून बाहेर पडते.

वास्तविक ही शहानिशा फारशी अवघड नाही. आपले वय सायकल स्वतःच्या अंगावर बाळगून असते. कुठे ठोकलेला आकडा, कुठे धातूचा मुलामा, कुठे दातेरी चाकातील नक्षी, तर कुठे टायरचे माप अशा खुणा एकत्र वाचल्या की वर्ष नाही तरी दशक निश्चितपणे सांगता येते. जगभरचे संग्राहक हेच करतात. अमेरिकेतील जाड टायरच्या, म्हणजे ‘बलून टायर’ सायकलींच्या संग्राहकांनी तर ही विद्या बरीच पुढे नेली आहे. त्यांची पद्धत समजून घेतली, तर आपल्या घरातील काळ्या सायकललाही ती लागू करता येते.

बलून टायर म्हणजे काय?

डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेचा टायर तयार केला आणि सायकलची दणदण थांबली. तरीही पुढची चाळीसेक वर्षे सायकलचे टायर अरुंदच राहिले. अमेरिकेत तर रिमला चिकटवलेला एकसंध नळीसारखा टायर प्रचलित होता. तो पंक्चर झाला की दुरुस्तीची मोठीच पंचाईत होई. शिकागोच्या श्विन कंपनीचे फ्रँक श्विन यांनी युरोपच्या दौऱ्यात जाड टायरच्या सायकली पाहिल्या आणि १९३३ मध्ये २६ × २.१२५ इंच मापाचा टायर असलेली सायकल अमेरिकेच्या बाजारात आणली. आत स्वतंत्र ट्यूब, बाहेर जाड आवरण आणि हवेचा दाब कमी, अशी ही रचना होती. फुगलेल्या टायरमध्ये हवा अधिक मावत असल्याने खडबडीत रस्त्याचा धक्का टायरमध्येच जिरू लागला.

तो आर्थिक महामंदीचा काळ होता. मोठी माणसे मोटारीकडे वळली होती आणि सायकल मुलांची वस्तू बनली होती. त्या मुलांना भुरळ पडावी म्हणून सायकलला मोटारसायकलचे आणि विमानाचे रूप देण्यात आले. १९३४ ची श्विनची ‘एअरोसायकल’ पाहिली की हे ध्यानात येते. वरच्या दांड्याखाली पेट्रोलची खोटी टाकी, पुढे दिवा आणि टाकीत विजेवर चालणारी घंटी असा तिचा थाट होता. १९३८ मध्ये पुढच्या चिमट्याला स्प्रिंग बसली. १९४२ मध्ये अमेरिका युद्धात गुंतल्यावर हा सारा झगमगाट थांबला. सायकली साध्या झाल्या, चकाकत्या मुलाम्याच्या जागी काळा रंग आला. युद्धानंतर क्रोमचा लखलखाट परतला आणि १९४९ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक फँटम’ या श्विनच्याच सायकलने पन्नासचे दशक गाजवले.

येथे वय ओळखण्याचा पहिला धडा मिळतो. प्रत्येक बदलाला एक वर्ष चिकटलेले असते. स्प्रिंगचा मूळ चिमटा असेल, तर ती श्विन सायकल १९३८ च्या आधीची असू शकत नाही. चकाकी अजिबात नसेल, तर युद्धकाळाचा संशय घ्यावा. खुणा एकमेकींना दुजोरा देऊ लागल्या की संशयाचे रूपांतर खात्रीत होते.

टेकडीवरून उतरलेला वारसा

या सायकलींना संग्राह्य मूल्य येण्यामागे आणखी एक कारण आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यातील काही तरुण भंगारात गेलेल्या जुन्या श्विन सायकली उचलून डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली उतरत. अरुंद टायरच्या सायकली जेथे टिकत नसत, तेथे चाळीस वर्षांपूर्वीचे हे जाड टायर टिकत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली ‘रिपॅक’ शर्यत झाली. उलटे पायडल मारून लागणारा मागचा ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीला नाव पडले ते या ग्रीस भरण्यावरून. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास नवा सांगाडा घडवला आणि माउंटन बाइकची वाटचाल सुरू झाली.

१९३३ चे रिम या वाटेने आपल्याकडेही पोहोचले. आपल्या शहरांत दोन-तीन दशके मुलांनी हौसेने चालवलेल्या २६ इंची गिअरच्या सायकलींचे रिम आणि बलून टायरचे रिम एकाच मापाचे आहे. टायर जेथे रिमवर बसतो, तेथील त्याचा व्यास ५५९ मिलिमीटर भरतो. आता २७.५ आणि २९ इंची चाकांनी ती जागा बरीचशी घेतली असली, तरी वंशावळ स्पष्ट आहे.

आपल्याकडची जात वेगळी

मूळ अमेरिकी बलून टायरची सायकल मात्र भारतात रुजली नाही. आपल्याकडे ब्रिटिश वळणाची उंच, काळी, सळीच्या ब्रेकची सायकल आली आणि तीच आपली झाली. तिचा टायर २८ × १½ इंचांचा, रिमवरील व्यास ६३५ मिलिमीटर. मोठ्या चाकामुळे ती खाचखळग्यांवरून सहज जाई. ब्रेकला तारेऐवजी सळ्या असल्याने कोणत्याही गावातला लोहार ती दुरुस्त करू शके. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, ग्रामसेवक अशा सर्वांचा संसार या सायकलने ओढला. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात पक्का रस्ता आणि एसटी पोहोचण्याच्या आधी आठवडी बाजाराला जाण्याचे ते साधन होते. लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ देण्याची प्रथा आजही ज्येष्ठांच्या स्मरणात आहे.

सुरुवातीच्या सायकली आयात होत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स ही नावे घरोघरी परिचित होती. १९३९ मध्ये मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनीपतला अ‍ॅटलस असे कारखाने १९५० च्या आगेमागे सुरू झाले. लुधियानात १९५६ मध्ये हीरो आली. आयातीवरील निर्बंध आणि देशी उत्पादन यांमुळे पन्नासच्या दशकात विलायती सायकलींचा ओघ आटला.

घराघरांतील सर्वांत मोठा गैरसमज येथेच दडलेला आहे. ‘रॅले’ म्हणजे विलायती असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात आपल्याकडील कित्येक रॅले आसनसोलच्या असतात आणि हर्क्युलिस, फिलिप्स व बीएसए ही नावे तर टीआय सायकल्सने भारतातच घडवलेल्या सायकलींवर लावली. आसनसोलची सायकल कमी मोलाची, असा याचा अर्थ नव्हे. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासाचा तो पुरावाच आहे. परंतु तो पुरावा ज्या कारखान्याचा आहे, त्याच कारखान्याच्या नावे नोंदला गेला पाहिजे.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

पहिली खूण हँडलखालच्या उभ्या नळीवरील धातूच्या बिल्ल्याची. त्यावरचे चिन्ह पाहून थांबू नये, गावाचे नाव वाचावे. नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम, आसनसोल की मद्रास, यावरून अर्धा प्रश्न सुटतो. मात्र बिल्ला दोन रिव्हेटांनी किंवा स्क्रूंनी बसवलेला असतो आणि तो सहज बदलता येतो. अमेरिकेत श्विनने एकच सायकल निरनिराळ्या दुकानदारांसाठी निरनिराळ्या नावांचे बिल्ले लावून विकली. त्यामुळे एकट्या बिल्ल्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

दुसरी खूण पायडलच्या दातेरी चाकाची. ब्रिटिश कंपन्या या चाकातच आपली ओळख कोरत. रॅलेच्या चाकात बगळ्याची डोकी दिसतात, रज-व्हिटवर्थच्या चाकात हाताचा पंजा, हंबरच्या चाकात माणसांच्या आकृती, तर बीएसएच्या चाकात तीच तीन इंग्रजी अक्षरे. हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेली. १९५७ मध्ये बीएसएचा सायकल व्यवसायही रॅलेकडे आला. म्हणून एखाद्या रजच्या सांगाड्यावर रॅलेच्या घडणीचे मूळ भाग आढळले, तर ती १९४३ नंतरची असण्याचा संभव अधिक.

तिसरी खूण मागच्या हबची. सायकलला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गतींचा हब असेल, तर संग्राहकाचे नशीब उघडले म्हणायचे. या हबच्या कवचावर तो तयार झाल्याचे साल ठोकलेले असते. १९३६ मध्ये आलेल्या आणि पुढे अनेक दशके चाललेल्या ‘एडब्ल्यू’ जातीच्या हबवर ‘५६’ आणि ‘७’ असे आकडे असतील, तर तो जुलै १९५६ चा समजावा. तीसच्या दशकाच्या अखेरीस सालाचा केवळ शेवटचा आकडा ठोकत. हा आकडा बहुधा तेलकट मळाखाली दडलेला असतो. रॉकेलचा बोळा हलक्या हाताने फिरवला की तो वर येतो. अर्थात, आपल्याकडील बहुसंख्य सायकली एकाच गतीच्या असल्याने हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही.

चौथी खूण मुलाम्याची. सन १९३० च्या सुमारापर्यंत सायकलच्या चकाकत्या भागांवर निकेलचा मुलामा असे, त्यानंतर क्रोम आला. निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतो. क्रोमची झाक निळसर आणि थंड असते. दोन्ही नमुने शेजारी धरले, तर फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. युद्धकाळात हे दोन्ही धातू दुर्मिळ झाले आणि हँडल व रिमसुद्धा रंगवलेली मिळू लागली.

पाचवी खूण सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाची. तो सीटखालच्या जोडावर, पायडलच्या आसाच्या पेटीखाली किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ असतो. श्विनच्या बाबतीत तर क्रमांकाची जागाच काळ सांगते. १९५२ पर्यंत तो पायडलच्या पेटीखाली असे, मग डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या खाचेवर गेला आणि १९७० मध्ये हँडलखालच्या नळीवर आला. १९६५ पासून पहिले अक्षर महिन्याचे, दुसरे वर्षाचे, अशी पद्धत तेथे होती. इतकी शिस्त प्रत्येक कंपनीने पाळलेली नाही. शिवाय हा क्रमांक सांगाड्याचा असतो, पूर्ण सायकलचा नव्हे. ठोकलेला सांगाडा काही महिने गोदामात पडून राहून पुढच्या वर्षी सायकल म्हणून बाहेर पडणे अगदी शक्य असते.

सहावी खूण खास आपल्याकडची. एकेकाळी नगरपालिकांच्या हद्दीत सायकलवर वार्षिक कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला मिळे. त्यावर नगरपालिकेचे नाव, क्रमांक आणि साल असे. हा बिल्ला सायकलला लटकलेला असेल किंवा जुन्या पेटीत सापडला, तर तो जिवापाड जपावा. सायकल कधी तयार झाली हे तो सांगत नाही. परंतु त्या साली ती कोणत्या गावात रस्त्यावर होती, हे मात्र निर्विवाद सांगतो. दुकानाची पावती, परवान्याचे पुस्तक आणि सायकलसह काढलेले कौटुंबिक छायाचित्र यांचेही मोल तेवढेच.

एक नियम, अनेक फसगती

या सर्व खुणांचा मेळ घालताना एकच नियम ध्यानात ठेवावा. सायकलवरील मूळ भागांपैकी जो सर्वांत उशिराचा, त्याच्या आधीची ती सायकल असू शकत नाही. बिल्ला १९३५ चा वाटला आणि मूळ हबवर १९४८ निघाले, तर सायकल १९४८ ची किंवा नंतरची. येथे ‘मूळ’ हा शब्द कळीचा आहे. आपल्याकडे सायकल कधी टाकून दिली जात नसे, ती सतत दुरुस्त होत असे. रिम बदलले, सीट बदलली, चिमटा दुसऱ्या सायकलचा आला. अशा सायकलमध्ये तीन दशके सुखाने एकत्र नांदतात. बदललेला भाग कोणता हे गंजाच्या रंगावरून, नटांवरील पान्याच्या खुणांवरून आणि रंगाच्या थरांवरून ताडावे लागते.

अमेरिकेत खोट्या टाक्या, चिमटे आणि बिल्ले नव्याने बनवून विकले जातात. दुरुस्तीसाठी ते उपयुक्तच आहेत. परंतु तेच भाग जुने म्हणून खपवले गेले, तर खरेदीदाराची फसगत होते. टायरच्या मापातही अशीच गफलत संभवते. २६ × २.१२५ आणि २६ × १⅜ हे दोन्ही टायर ‘सव्वीसचे’च म्हटले जातात, पण पहिल्याचा रिमवरील व्यास ५५९ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ५९० मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या सायकलला टायर मागवताना म्हणूनच मिलिमीटरमधील आकडा सांगावा.

सर्वांत मोठी हानी मात्र फसवणुकीने होत नाही, ती प्रेमाने होते. आजोबांची सायकल जपायची म्हणून घरचे लोक ती घासून चकचकीत रंगवून आणतात. त्या एका दिवसात सोनेरी रेघा, कंपनीची अक्षरे, मुलाम्याचा प्रकार आणि कधी कधी ठोकलेला क्रमांकही नाहीसा होतो. सायकल दिसायला नवी होते आणि तिची साक्ष पुसली जाते. जाणकार संग्राहक रंगाला हात लावण्यास कचरतात ते यामुळेच. सायकल पुन्हा केव्हाही रंगवता येते, पण मूळ रंग एकदाच असतो.

जपणूक शक्य आहे

सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात या जपणुकीचा नमुना पाहायला मिळतो. कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या सायकलींचे संग्रहालय २०१७ मध्ये खुले झाले. दीडशेहून अधिक जुन्या सायकलींचा हा खासगी संग्रह आहे. त्यात बीएसएने दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकलही आहे. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अशा साठ ते सत्तर हजार सायकली तयार झाल्या, असे सांगितले जाते. युद्धानंतर उरलेला लष्करी माल विकला गेला आणि अशा सायकली दूरदूर पांगल्या. त्यांपैकी एखादी कुठल्या गावच्या माळ्यावर पडून असेल, हे कोणी सांगावे?

संग्रहालय काढणे प्रत्येकाला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सायकल विकण्यापूर्वी किंवा रंगवण्यापूर्वी एक दुपार तिच्यासाठी द्यावी. दोन्ही बाजूंनी, बिल्ल्याची, दातेरी चाकाची, हबची आणि क्रमांकाची अशी छायाचित्रे काढावीत. धूळ मऊ फडक्याने पुसावी. सँडपेपर आणि तारेचा ब्रश वापरू नये. गंजलेल्या नटात तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे, हातोडा उचलू नये. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला विचारून सायकल कोणी, कोठून, कशासाठी घेतली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आकडे ठोकलेले असतात, ते आणखी पन्नास वर्षांनीही वाचता येतील. ही माणसे मात्र तोवर नसतील. गावातील जुन्या सायकल मिस्त्रीलाही विचारावे. कोणता भाग कोणत्या कंपनीचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते, ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

शंभर वर्षे उलटलेल्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होऊ शकतो आणि अशा वस्तू परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील सायकली आता या वयाला पोहोचल्या आहेत. परदेशी संग्राहकाशी व्यवहार करताना हे भान असावे.

अमेरिकेने आपल्या मुलांच्या खेळण्यातल्या सायकलींचा महिना-वर्षासह हिशेब ठेवला आहे. आपल्याकडची काळी सायकल खेळणे कधीच नव्हती. तिच्यावरून शाळा गावात आली, पत्र आले, दूध आले, कर्जाची नोटीसही आली. तरी ती कोणत्या सालची, हे आपल्याला माहीत नसते. झरी जामणीच्या एखाद्या गोठ्यात आढ्याला टांगलेली सायकल उद्या काट्यावर चढायची असेल, तर निदान आज तिच्यावरचा आकडा वाचून घ्यावा. रॉकेलचा बोळा आणि थोडा उजेड, एवढेच त्याला लागते.